बपेऱ्याहून करडीला, बुजलेल्या घोडीवर

रस्ता कोणाच्या बापाचा आहे, हा प्रश्न मी आजवर पत्रकांतून विचारत आले. आमच्या करडीच्या चार पोरापोरींच्या मंडळानं रेतीच्या टिप्परांविरुद्ध काढलेलं प्रत्येक पत्रक मी लिहिलेलं आहे, आणि प्रत्येकात हा प्रश्न ठळक अक्षरांत आहे. पण पत्रक लिहिताना आपण खुर्चीवर बसलेलो असतो. खुर्ची कान मागे टाकत नाही. मागून हॉर्न वाजला म्हणून खुर्ची रस्त्यावर आडवी होत नाही. हे मात्र मी घोडीच्या पाठीवरून उतरल्यावर लिहिते आहे, आणि मांड्या अजून दुखतात.

बपेरा, सिहोरा, तुमसर, मग माडगीचा पूल ओलांडून करडी. बसनं निघालात तर सकाळचा चहा बपेऱ्यात आणि दुपारचं जेवण करडीत. मला तीन दिवस लागले आणि तिन्ही दिवस मी भ्यालेली होते. आधीच सांगते, म्हणजे पुढं कोणी माझ्याकडून पराक्रमाची वाट बघायला नको.

बपेरा

मैना ही माझ्या मामाची घोडी. पांढरी, नाकपुड्यांशी गुलाबी. मामा वरातीला घोडी देतो. अलीकडच्या गावांत आणि पलीकडं मध्य प्रदेशातही तिच्यावर बसून कितीतरी नवरदेव मांडवात गेले. त्यात आमच्या समाजाची पोरंही आली. वरातीत घोडी नाचवणं म्हणजे बिनअकलेचा तमाशा, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. मामानं ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मला मैनेवर बसवून नदीपर्यंत फिरवून आणलं. असा माझा मामा.

या लगीनसराईच्या सुरुवातीला एक वरात आटोपून तो तिच्यावर बसून घरी येत होता. मागून टिप्पर आला आणि अगदी जवळ येऊन हॉर्न दाबला. मैना उसळली, मामा डांबरावर पडला, मांडीचं हाड मोडलं. टिप्पर थांबला नाही. थांबत नसतातच. मामा खाटेवर आहे. मैनेला वरून जखम नाही, पण मागून काही येताना ऐकलं की ती भान हरपते. तिला पिकअपमध्ये चढवून बघितलं तर तिनं मागची फळी फोडली आणि स्वतःचा पाय कापून घेतला.

मामाचा मुलगा मंगेशदादा माझ्याहून मोठा. तो सरळ बोलला.

"वरातीत कोनाच्या पोराले पाडलं त लोक आमाले सोडतीन का? बार्डरपलीकडचा बेपारी नेतो म्हनते. नेऊ दे तिले."

"बुजरी घोडी बेपारी कायले नेते, तुले मालूम नाही?"

मामा खाटेवरून कौलांकडं बघत होता. बेपारी असली घोडी कशासाठी नेतो, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या करडीच्या घरी गोठा रिकामा आहे. मी म्हणाले, मी नेते. तिथं तिला रस्त्यावर जायचं कामच पडणार नाही.

"नेशीन कशी?"

"चालवत."

"त्या रोडनं? त्या रोडनं मानूस चालू शकत नाही म्हून तूच लिहितं ना व?"

पत्रक लिहिणाऱ्याचं तोंड बंद करायचं असेल तर त्याचंच वाक्य त्याला परत द्यावं.

शेवटी ठरलं ते असं. मी मैनेवर बसायचं, कारण हातानं धरून नेलं तर ती ओढत सुटते. पाठीवर वजन असलं की आपण कामावर आहोत असं तिला वाटतं. दादा मोटरसायकलवर मागून राखण करत येणार. आणि करडीला पोचण्याआधी मैनेनं कोणा माणसाला इजा केली किंवा ती वाटेत अडून बसली, तर दादा तिथूनच बेपाऱ्याला फोन लावणार. मामा हो म्हणाला. म्हणताना त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

मामीनं मैनेच्या कपाळावरून हात फिरवला. माझ्या नाही. "प्रज्ञा, हे तुह्याहून शहाणी आहे. इचं ऐकजो."

सिहोऱ्याच्या वाटेवर

धुकं होतं. उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू झालेली, दोन्ही बाजूंच्या बांध्यांत, धानाच्या वाफ्यांत, पाणी, बांधाकडेला लाखोळीची निळी फुलं. बसच्या खिडकीतून हे फार छान दिसतं. घोडीवरून मला फक्त तिचे दोन कान दिसत होते. कान पुढं असले की मी श्वास घ्यायची. एक जरी मागं वळला की काही तरी येत आहे हे मला तिच्याकडून कळायचं. माझ्या कानांना ते बऱ्याच वेळानं ऐकू यायचं. त्या मधल्या वेळात काय करायचं हे कोणत्याही पत्रकात नाही. तिच्या पोटाला लागलेल्या माझ्या पोटऱ्यांना तिची कातडी थरथरलेली कळायची, मग माझी थरथर तिला कळायची, आणि आम्ही दोघी एकमेकींची भीती वाढवत राहायचो.

दादाच्या मोटरसायकलमागं मी एक फ्लेक्स बांधला होता. जुन्या मोर्च्याचा, मागची कोरी बाजू वर करून, लाल रंगात: घोडी बुजते. हळू जा. हॉर्न वाजवू नका. एसटीचा एक ड्रायव्हर तो वाचून खरंच हळू झाला, पार उजवीकडून लांबून गेला. मी हात वर करून त्याला सलाम केला. पण बाकीच्यांचं काय सांगू! पोरं वाचायची, हसायची आणि मुद्दाम हॉर्न वाजवायची. घोडी बुजते म्हणजे कशी बुजते ते बघायला. एका मोटरसायकलवरच्या दोघांनी मोबाइल काढून शूटिंग करत विचारलं, "ओ बाई, नवरदेव कुठं सांडला?" साक्षर जिल्हा म्हणतात आपल्याला. साक्षर आहेतच, वाचूनच हॉर्न मारतात.

मग धानाचा ट्रक आला. ट्रकचा हॉर्न वाजला नाही, वेगही फार नव्हता. पण त्याची ताडपत्री एका कोपऱ्याला सुटली होती आणि ती फडफडत आमच्या डोक्याशेजारून गेली. मैनेनं रस्ता सोडला. मला आठवतं ते एवढंच की आयाळ दोन्ही मुठींत होती, आभाळ वाकडं झालं होतं आणि माझ्या तोंडातून "माय!" निघालं. थांबलो तेव्हा ती बांधीत गुडघाभर चिखलात उभी होती, नाकातून फुरफुरत, आणि समोर रोवणा करणाऱ्या बाया हातात रोपं घेऊन आमच्याकडं बघत होत्या.

"बापा बापा! पूरा रोवणा खुंदला या घोडीनं!"

"उतरू नको व पोरी," दुसरी ओरडली, "उतरली त तूच रोवली जाशीन!"

सगळ्या हसल्या. मला हसू येईना. दादा बांधावरून धावत आला. त्याच्या हातात फोन होता.

"लावू का?"

"मानसाले लागलं का? धानाले लागलं."

त्यानं त्या बायांकडं बघितलं. त्यातल्या म्हातारीनं तुडवलेली रोपं उचलून पुन्हा चिखलात खोचायला सुरुवात केली होती. "आमाले काही नाही झालं, बावा," ती म्हणाली. "तिलेच पाह्य, कशी कापून राहिली."

दादानं फोन खिशात टाकला. रस्त्यावर आल्यावर त्यानं पिशवीतून वरातीतली चामड्याची झापडं काढली. ती घातली की घोडीला बाजूचं, मागचं दिसत नाही. मी नको म्हणत होते, त्यानं बांधलीच. पुढच्याच वळणावर मागून ट्रॅक्टर आला आणि मैना जागच्या जागी गोल फिरली. तिला आवाज येत होता आणि तो कशाचा ते दिसत नव्हतं. अंधारात कोणी मानेमागे श्वास घेतला तर तुम्ही काय कराल? दादानं स्वतःच झापडं सोडली आणि पिशवीत कोंबली. मोटरसायकलही त्यानं मागून काढून पुढं घेतली, कारण ज्या आवाजापासून तिला वाचवायचं, तसाच आवाज आम्ही तिच्या शेपटीला बांधून दिला होता.

सिहोरा

मुक्काम दादाच्या सासुरवाडीला. मला घोडीवरून उतरता येईना तर त्याच्या सासूबाईंनी पाट आणून ठेवला, आणि मी त्यावर पाय टेकले तर पायच उभे राहीनात.

"जावईबापू," त्या दादाला म्हणाल्या, "बायकोले त मोटरसायकलवर आनता, नि बहिनीले घोडीवर? आमच्या पोरीनं का पाप केलं होतं?"

"तुमच्या पोरीले बसवतो उद्या. बसते का इचारा."

जेवणात लाखोळीच्या डाळीचं वरण, भात, बोडीतले, म्हणजे शेततळ्यातले, बारीक मासे तिखट करून, आणि वर भाकरी. करडीत आम्ही तिन्ही वेळा भातच खातो, भाकरी म्हणजे पाहुणी. इथं पाहुण्याला आधी भाकरी वाढतात आणि भात मागून येतो, म्हणजे पोट भरल्यावर. मी भाताची वाट बघत भाकरीला हात लावला नाही, तर सासूबाईंना वाटलं पोरगी रुसली. पाणी पितानाही मला ती ताडपत्री दिसत होती.

गोठ्यात मैना उभी होती. सासूबाईंच्या दोन म्हशींमध्ये तिला जागा दिली होती. मी बघायला गेले तर ती एका म्हशीच्या पाठीला टेकून, मागचा एक पाय सैल सोडून चक्क डुलकी घेत होती. दिवसभरात पहिल्यांदाच.

तुमसर

तुमसरच्या बाजाराला मी सगळ्यांत जास्त घाबरले होते. बाहेरून जायला मिळेल का म्हणून दोघातिघांना विचारलं, पण जो रस्ता सांगितला त्यावर तांदळाच्या मिलींचे ट्रक रांगेनं उभे. मग बाजारातूनच. भाजीचे ढीग, हातठेले, ऑटो, माईकवरून ओरडणारा चादरीवाला. मी ओठ चावून बसले. आता ही कोणाच्या तरी टमाट्यांत घुसणार, कोणाचं तरी लेकरू पायाखाली येणार, दादा फोन काढणार.

मैना गाईसारखी चालली. मान खाली, टापा सावकाश. ऑटोवाल्यानं अगदी तिच्या खांद्याशी भोंगा वाजवला, तिनं कान हलवला आणि पुढं गेली. बाया मेथीच्या जुड्या हातात धरून तिला वाट देत होत्या, पोरं पोटाला हात लावत होती. एकानं विचारलं, "वरात कोनाची व?" मी सांगितलं, कोणाची नाही. "मंग काहून निघाली?" तो म्हणाला, आणि तेही खरंच होतं.

बाजार संपला, मोकळा रस्ता लागला, आणि तिचे कान लगेच मागं गेले. त्या क्षणी मला कळलं. ही घोडी आवाजाला भीत नाही. आवाजातच तिचं आयुष्य गेलं: ढोल, फटाके, जनरेटर. पण त्या आवाजात तिच्या चारही बाजूंना माणसं असतात. पुढं नाचणारे, बाजूला लगामवाला, मागं बाया. एकटं चालणं तिनं कधी केलेलंच नाही. मोकळी पाठ तिला माहीत नाही. त्या रात्री मामा पडला तेव्हा वरात संपलेली होती.

मी हे दादाला ओरडून सांगितलं. तो मोटरसायकल थांबवून म्हणाला, "मंग? करडीपर्यंत हजार मानसं लावू का मी?"

देव्हाडीची रेल्वे ओलांडून आम्ही माडगीच्या दिशेनं निघालो तेव्हा ऊन कलायला आलं होतं, म्हणजे टिप्परांची घाईची वेळ. रेतीघाटावरून शेवटची फेरी मारायची असते. एक मागून आला. कान मागं, कातडी थरथर, मी लगाम आवळला, आवळायला नको होता, आणि मैना फिरून आडवी झाली, पांढऱ्या पट्टीवर, टिप्परच्या तोंडासमोर. ब्रेक इतका कर्कश वाजला की रबराचा वास आधी आला की आवाज आधी ते सांगता येत नाही. बंपर तिच्या बरगड्यांपासून हातभर लांब थांबला. मी वरून बघत होते, त्या काचेच्या आत एक माणूस स्टिअरिंगला मिठी मारून बसला होता.

तो उतरला. माझ्याच वयाचा. "मरायचं आहे का? मरायचं आहे त नदीवर जाय ना!"

"हळू चालवता येत नाही तुले? वाचता येत नाही?"

"मागून काय वाचू? तुही पाटी पुढच्या गाडीवर आहे!"

तेही खरं होतं. मोटरसायकल पुढं घेतली आणि पाटी तिच्याबरोबरच गेली. त्यानं आणखी शिव्या दिल्या, पण बिडी पेटवायला गेला तर काडी विझली, दुसरी काडी विझली. आम्ही तिघं थरथरत होतो, तो, मी आणि मैना. पत्रकात मी टिप्परवाल्यांना खूप काही म्हटलं आहे आणि त्यातला एक शब्दही मागं घेत नाही. पण त्यांनाही भीती वाटते, हे त्या पत्रकांत नव्हतं.

तो गेल्यावर दादा रस्त्याच्या कडेला बसला.

"बस झालं," तो म्हणाला. "आता पुढं पूल आहे. हेच पुलावर झालं असतं त तू नदीत राहती. आत्याले मी काय सांगू?" आत्या म्हणजे माझी आई. मग त्यानं माझ्यासमोर फोन लावला. बेपारी म्हणाला, उद्या सकाळी माडगीला येतो पिकअप घेऊन.

"ते पिकअपमंदी चढत नाही," मी म्हणाले.

"तो चढवते म्हने," दादा माझ्याकडं न बघता बोलला. "दोरानं."

माडगीचा पूल

रात्र एका ओळखीच्या खळ्यावर काढली. सकाळी दादा झोपेतून उठण्याआधीच मी खोगीर चढवलं. बेपारी येण्याआधी पूल पार झाला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. दादा डोळे चोळत उठला, माझ्याकडं बघितलं, आणि अडवलं नाही. मोटरसायकल ढकलत माझ्यासोबत निघाला.

पण पुलाच्या तोंडाशी मैना थांबली. चार पाय रोवून. दोन्ही बाजूंना कठडा, खाली वैनगंगेचं पात्र, त्यात रेतीचे पट्टे आणि त्या रेतीवर चाकांचे व्रण. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग येत होती. कडेनं चालायला जागा नाही. पूल बांधताना पायी जाणाऱ्याची आठवण कोणाला झाली नसावी. मी टाच लावली. ती मागं सरकली. टाच पुन्हा लावायची माझी हिंमत झाली नाही.

"अडली," दादा म्हणाला. एवढंच.

पुलाअलीकडच्या चहाच्या टपरीवर एक वऱ्हाड थांबलं होतं. दोन जीप, एक ट्रॅक्टर, ट्रॉलीत बाजेवाले. नवरदेव फेटा मांडीवर ठेवून बशीतून चहा पीत होता. नदीपलीकडं देव्हाड्याला लग्न, काल ओलांडली ती देव्हाडी वेगळी. मी त्यांच्याकडं बघत राहिले, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच मी वरातीकडं आशेनं बघत होते.

त्यांच्यातली एक ठेंगणी, जाडजूड बाई पुढं आली. नवरदेवाची आत्या. "घोडी कोनाची? आमाले त कुठं घोडीच नाही भेटली. देता का?"

मी सगळं सांगितलं. घोडी बुजते, माणसं चारही बाजूंनी असली तरच चालते, तुमचं वऱ्हाड पुलावरून पायी येईल का. आणि लपवालपवी नको म्हणून तेही सांगितलं, "आमी जय भीमवाले आहो."

"जय भीम त जय भीम," आत्या म्हणाली. "घोडी पुलावरून उडी नाही ना मारन?"

"सांगता येत नाही."

"मंग आमच्या बाळ्याले नाही बसवत." नवरदेवानं सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. "तूच बस. चाला व बायाहो, उतरा खाली! नवरदेव पायी नि पोट्टी घोडीवर. आमच्या दारी हेबी पाहाचं होतं!"

वऱ्हाडातल्या एकानं दादाची मोटरसायकल घेतली, पुढं नेऊन देतो म्हणाला. दादानं मैनेचा लगाम तोंडाजवळ धरला. मी बाजेवाल्यांना सांगितलं, वाजवू नका. म्होरक्या माझ्यावर खवळला.

"बाजा नाही वाजवाचा? मयत नेऊन राहिलो का पुलावरून?"

मी मैनेच्या कानांकडं बघितलं. माझ्या सगळ्या वाचनाप्रमाणं बुजलेल्या जनावराजवळ आवाज करू नये. तुमसरचा बाजार त्याच्या उलट सांगत होता. मी बाजाराचं ऐकलं. म्हणाले, "वाजवा. पन हळू सुरू करा."

ताशा वाजला. मैनेची मान वर गेली आणि मला वाटलं, गेलो. मग तिनं पुढचा एक पाय उचलला, उंच, ठेक्यावर, आणि ठेवला. मग दुसरा. ती पुलावर चढली.

आणि पूल थांबला. समोरचा उसाचा ट्रॅक्टर कडेला झाला आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. त्यामागचा टिप्पर थांबला. त्यामागची कारही. कोणी हॉर्न वाजवला नाही. शाळेत जाणारी लेकरं, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया, सायकलवरचा म्हातारा, कोणासाठीही या पुलावर ब्रेक दाबला जात नाही, पण वरात म्हटली की इंजिन बंद! मला राग यायला हवा होता. आलाही, पण भीतीच्या खूप खाली, पाण्याच्या तळाशी दगड दिसावा तसा.

अर्ध्यावर गेल्यावर पुढची पोरं नाचत लांब गेली आणि मागच्या बाया नदी बघत रेंगाळल्या. माझ्यामागं पूल मोकळा झाला. मला ते दिसलं नाही, मैनेच्या कानांनी सांगितलं. त्याच वेळी मागच्या कुठल्या तरी कारनं हॉर्न दाबला. मैनेचा मागचा भाग कठड्याकडं फिरला. माझा डावा पाय रिकिबीसकट कठड्याच्या वर गेला आणि बुटाखाली पाणी होतं, नुसतं पाणी, फार खाली. दादा लगामाला लोंबकळत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"धावा व बायाहो!" आत्या ओरडली. "घोडी उघडी पडली!"

त्या लग्नाच्या साड्यांतल्या बाया चपला सोडून धावल्या. मैनेच्या मागं, बाजूला, कठड्याच्या आणि तिच्या मध्ये घुसल्या. लाथ बसली तर काय, हा विचार एकीनंही केला नाही. एकीनं तर दोन्ही तळवे मैनेच्या पुठ्ठ्यावर ठेवून म्हैस ढकलावी तसं तिला रस्त्यावर ढकललं. "सरक व माय, सरक." मैना सरकली. बाजा थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला. बाया मग शेवटपर्यंत तिला चिकटून चालल्या आणि कोणाच्या तरी केसांतला अबोलीचा गजरा माझ्या गुडघ्याला घासत राहिला.

देव्हाडा

पलीकडं पोचल्यावर आत्या घाम पुसत म्हणाली, "जेवाले थांबा. आता तुमी वऱ्हाडीच आहा." थांबलो नाही. बेपारी पलीकडच्या काठावर आला असेल, पूल त्यालाही पार करता येतो. वऱ्हाड मांडवाकडं वळलं, बाजा लांब गेला, आणि करडीच्या रस्त्याच्या तोंडाशी आम्ही दोघं आणि मैना उरलो.

ती पुन्हा थरथरू लागली. मला माहीत होतंच. पूल पार करायला लोक मिळतात. मोकळा, सरळ, रोजचा रस्ता पार करायला कोण येणार? मी खाली उतरले. पाठीवर वजन नसेल तर ती ओढेल हे माहीत होतं, पण बाजूला कोणीतरी असणं जास्त गरजेचं वाटलं. रहदारीच्या बाजूला उभी राहून मी खांदा तिच्या खांद्याला लावला.

दादाची मोटरसायकल वऱ्हाडातल्या त्या माणसानं तिथंच कडेला आणून उभी केली होती. तो तिच्याकडं गेला. आता निघेल पुढं, असं मला वाटलं. त्यानं किल्ली काढून खिशात टाकली, मागची पाटी सोडवली, माझ्या पाठीवर आणून बांधली आणि मैनेच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"गाडी?"

"राहू दे तिथंच. उद्या नेतो."

आम्ही निघालो. मैना आमच्या दोघांच्या मध्ये, दोघांनाही ढोसत, कधी माझ्या पायावर पाय देत. थोडं पुढं गेल्यावर दादाचा फोन वाजला. बेपारी माडगीला येऊन उभा होता. त्याचा आवाज मला घोडीच्या पलीकडूनही ऐकू येत होता, कुठं आहे घोडी म्हणून.

"घोडी रिकामी नाही," दादा म्हणाला.

पलीकडून काहीतरी विचारणं झालं.

"हो. वरातीत आहे." आणि त्यानं फोन बंद केला.

मागून हॉर्न वाजला. मैनेचे दोन्ही कान मागं गेले. दादानं तिच्या पाठीवरून हात टाकला, तो माझ्या मनगटाला लागला, आणि मी तो धरला. टिप्पर आला, आमच्याजवळून गेला. मैना थरथरली, चालत राहिली. मीही.